कार्ड एका राज्याचं, दवाखाना दुसऱ्या राज्यात : सीमाभागातल्या नर्सेससाठी आरोग्यव्यवस्थेची सोपी ओळख

‘सिस्टर, आमचं कार्ड हितं चालतंय काय?’

बेळगाव, निपाणी, खानापूर, अथणी, कागवाड या पट्ट्यातल्या नर्सला हा प्रश्न नवा नाही. बिलिंगच्या खिडकीवर जाण्याआधी माणसं तो वॉर्डातल्या सिस्टरला विचारतात, कारण तिथं त्यांची भाषा बोलणारं आणि त्यांच्याकडे बघून बोलणारं माणूस तीच असते. पण नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नीट शिकवला जात नाही. इंजेक्शन कसं द्यायचं हे शिकवतात. त्या इंजेक्शनचे पैसे कोण देतं, ते चुकलं तर जाब कोण विचारतं, आणि तुम्हाला ते देण्याचा अधिकार कुठल्या कागदाने दिला, हे ज्याचं त्याने ड्युटीवर शिकायचं. म्हणून हा लेख.

आपल्याकडे हा गुंता जास्त आहे, त्याला कारण आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हे विषय राज्यांच्या यादीत आहेत, तर वैद्यकीय व इतर व्यवसाय समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात. पुण्यात किंवा म्हैसुरात राहणाऱ्याला याचा फारसा फरक पडत नाही. निपाणीच्या माणसाला पडतो, कारण त्याला कोल्हापूर बेळगावपेक्षा बरंच जवळ आहे. कागवाडहून मिरज हाकेच्या अंतरावर. खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं गोव्याच्या पगारावर चालतात. आजारी पडल्यावर माणूस जवळचा, ओळखीचा, विश्वासाचा दवाखाना गाठतो. कागदपत्रं मात्र राज्याच्या हद्दीत अडकतात.

एक सूत्र डोक्यात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. पैसा रुग्णाच्या कार्डामागून जातो. कायदा लागू होतो तो दवाखाना ज्या राज्यात उभा आहे तिथला. आणि तुमचा नर्स म्हणून काम करण्याचा अधिकार तुमचं नाव ज्या राज्याच्या नर्सिंग रजिस्टरात आहे त्यावर ठरतो. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एकाच रुग्णाच्या बाबतीत तिन्ही वेगवेगळ्या राज्यांच्या असू शकतात, आणि आपल्याकडे बऱ्याचदा असतातच.

उपकेंद्रापासून सिव्हिलपर्यंत

सरकारी व्यवस्थेची रचना बहुतेकींना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगते. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात ३,००० मागे. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० मागे, डोंगराळ भागात २०,००० मागे. त्यावर सामुदायिक आरोग्य केंद्र, तालुका दवाखाना, आणि शेवटी जिल्ह्याचं मोठं इस्पितळ. बेळगावात ते बिम्सला, म्हणजे बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्थेला जोडलेलं आहे. लोक आजही त्याला सिव्हिलच म्हणतात. यातली बरीच उपकेंद्रं आणि प्राथमिक केंद्रं आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखली जातात. त्यातल्या उपकेंद्रांत कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, म्हणजे सीएचओ, या पदावर आपल्याकडे मुख्यतः नर्सिंग झालेल्या असतात. बीपी-शुगरच्या रुग्णाला दरमहा गोळ्या देणं, कॅन्सरची प्राथमिक तपासणी, पुढे पाठवायचं की नाही हे ठरवणं, हे सगळं तिथे नर्स करते. माझ्या मते गेल्या काही वर्षांत नर्सिंगच्या हाती आलेली ही सर्वांत मोठी जबाबदारी आहे, आणि तिची दखल फार कमी घेतली जाते.

लोकसंख्येच्या या निकषात एक गोष्ट मोजलीच जात नाही, ती म्हणजे वाट. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलातली आमगाव, गवाळीसारखी गावं पावसाळ्यात तुटतात. तिथून रुग्णाला लाकडाच्या पालखीवर घालून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, मग १०८ ची गाडी. अशा गावातल्या गरोदर बाईला ‘दिवस भरले की या’ असं सांगून चालत नाही. तिला तारखेआधीच तालुक्याच्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवायचं नियोजन पीएचसीओ (उपकेंद्राच्या, पूर्वीच्या एएनएम) सिस्टर आणि आशाताईंना जून महिन्यातच करावं लागतं. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश हा अधिसूचित आजार ठरवला. त्यामुळे साप चावल्याची प्रत्येक केस सरकारी असो की खासगी, कळवावीच लागते. जंगलपट्टीतल्या केंद्रांना याचा थेट उपयोग आहे: आकडा वर गेला तरच सर्पविषरोधक लस त्या प्रमाणात खाली येते.

पैसा : इथे जरा थांबून बघू

देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी किती पैसे माणसं थेट खिशातून देतात याचा हिशेब राष्ट्रीय आरोग्य लेखा देतो. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होतं, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आलं. चांगली घट आहे. तरी १०० रुपयांतले सुमारे ३९ रुपये अजून घरातून, कर्जातून, मंगळसूत्र गहाण ठेवून जातात. त्यातले काही पैसे तर केवळ योजना माहीत नसल्यामुळे जातात, आणि तिथे वॉर्डातली नर्स खरोखर काही करू शकते.

कर्नाटकात मुख्य योजना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. राज्याची आरोग्य कर्नाटक योजना मार्च २०१८ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. एपीएल कुटुंबालाही ती लागू आहे, पण त्यांच्यासाठी सरकार पॅकेजच्या ३० टक्केच भरतं आणि वर्षाची मर्यादा दीड लाख. ‘आम्ही एपीएल, आम्हाला काही मिळत नाही’ असं म्हणून पूर्ण बिल भरणारी माणसं आपण रोज बघतो. त्यांना एवढं सांगितलं तरी घरचे काही हजार वाचतात.

ही योजना विमा कंपनी चालवत नाही. सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट ही सरकारी संस्था दवाखान्याला थेट पैसे देते. आणि रुग्णांना सर्वांत कमी माहीत असलेला नियम असा: साधे उपचार सरकारी दवाखान्यातच व्हायचे, सरकारीत सोय नसेल तर तिथून रेफरल घेऊन योजनेतल्या खासगी इस्पितळात जायचं. रेफरलशिवाय थेट खासगीत गेलं तर कार्ड असूनही पैसे भरावे लागतात. अपवाद तातडीच्या उपचारांचा. ठरवून दिलेल्या आणीबाणीच्या यादीतल्या केसला रेफरलची गरज नाही, थेट नेता येतं. म्हणजे छातीत कळ येऊन कोसळलेल्या माणसाला आधी सिव्हिलला चिठ्ठीसाठी फिरवायचं नाही. आणि गुडघ्याच्या ठरवलेल्या ऑपरेशनला मात्र चिठ्ठीशिवाय भरती व्हायचं नाही. हा फरक दाखल होतानाच सांगायला हवा. डिस्चार्जच्या दिवशी सांगून काही उपयोग नसतो.

आता पॅकेज म्हणजे काय ते बघू, कारण इथे नर्सच्या पेनाला किंमत येते. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. त्यात खाट, औषधं, तपासण्या, ऑपरेशन, नर्सिंग, जेवण सगळं धरलेलं. त्यावर रुग्णाकडून वेगळे पैसे मागायचे नाहीत. दवाखाना आधी पूर्वमंजुरी मागतो, उपचार करतो, मग कागद पाठवतो आणि क्लेम मागतो. ट्रस्टचे डॉक्टर कागद तपासतात. त्यांनी रुग्णाला पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे फक्त फाइल असते. आता समजा, पाच दिवस आयसीयूत ठेवलेल्या रुग्णाचा क्लेम गेला. डॉक्टरांच्या नोटमध्ये ‘श्वासाचा त्रास, ऑक्सिजन चालू’ असं आहे. पण नर्सिंग चार्टवर तिसऱ्या रात्री दहा ते सकाळी सहा एकही एसपीओटूची, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची, नोंद नाही, ऑक्सिजन किती लिटरवर होता तेही नाही. तपासणारा विचारणार, रुग्ण खरंच आयसीयूत होता काय? क्लेम कापला जातो. खासगी दवाखान्यात मग तो पैसा कुठून तरी वसूल करायची घाई सुरू होते, आणि ती पुढच्या रुग्णाच्या खिशाशी जाऊन थांबते. सरकारी दवाखान्यालाही पॅकेजचे पैसे मिळतात, आणि तिथला पैसा कापला गेला तर वॉर्डाच्या सामानाची ओढ वाढते. रात्रीची ती आठ तासांची रिकामी जागा कुणी आळसाने ठेवत नाही. एका सिस्टरकडे वीस रुग्ण दिले की चार्ट मागे पडतोच. म्हणून मनुष्यबळाची मागणी करताना हा क्लेमचा हिशेब व्यवस्थापनापुढे ठेवावा असं मला मनापासून वाटतं. दवाखान्याचे मालक ही भाषा ऐकतात.

सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना आहे. कर्नाटकाने ती २००३ मध्ये सुरू केली, २०१८ मध्ये बंद पडली, आणि २०२२-२३ पासून पुन्हा चालू झाली. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यात तिचा उपयोग मोठा आहे. चार जणांच्या ग्रामीण कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये, शहरी कुटुंबाला १,००० रुपये भरून ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. नाव नोंदवायची मुदत वर्षातून ठरावीक काळ उघडते. आजारी पडल्यावर नोंदणी होत नाही, हे ओपीडीतच सांगून ठेवलेलं बरं.

बाळंतपणाचं तर वेगळंच आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून कुठल्याही सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, ने-आण आणि जेवण मोफत. साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस जेवण. आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत हा लाभ मिळतो. कार्ड कुठल्या राज्याचं आहे हा प्रश्नच इथे येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड, सोलापूरकडून टोळ्या येतात. त्यातली एखादी बाई कारखान्याच्या फडातून कळा घेऊन रायबागच्या किंवा चिक्कोडीच्या सरकारी दवाखान्यात येते. तिच्याकडे तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदरपणाचं नोंदकार्ड, नसतं, कधी आधारही गावाकडे राहिलेलं असतं. तरी तिचं बाळंतपण मोफतच. बाळाच्या लसीही. तिला ‘तुमच्या राज्यात जा’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. लसीची नोंद तिच्या हातात लिहून द्या, म्हणजे टोळी परत गेल्यावर तिकडची सिस्टर पुढचा डोस देईल.

आता मूळ प्रश्न: कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं का? केंद्राच्या आयुष्मान यादीत ज्यांचं नाव आहे, त्यांना देशात कुठल्याही आयुष्मान इस्पितळात उपचार मिळतात. याला पोर्टेबिलिटी म्हणतात. पण बऱ्याच राज्यांनी केंद्राच्या यादीपलीकडची जास्तीची कुटुंबं स्वतःच्या पैशाने जोडली आहेत, कर्नाटकानेही आणि महाराष्ट्रानेही. त्या जास्तीच्या कुटुंबांचं कार्ड दिसायला तसंच असलं तरी सीमेपलीकडे त्यांना तो हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून ‘कार्ड आहे ना, मग चालेल’ असं वॉर्डातून कधीच सांगू नये. आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाकडे, पाठवावं, तो संगणकावर नाव कुठल्या यादीत आहे ते पाहतो. कोल्हापूर-मिरजेला जायचं ठरलं असेल तर निघायच्या आधी १४५५५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारून घ्यावं. गाडीभाडं, एक दिवसाची मजुरी आणि पदरी निराशा, हे गरीब माणसाला परवडत नाही.

याच संदर्भात ८६५ गावांचा विषय निघतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या, म्हणजे कर्नाटकात असलेल्या पण महाराष्ट्र दावा सांगतो त्या, ८६५ मराठी गावांतल्या लोकांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ द्यायचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. वाद सरकारांचा आहे, आणि तो त्यांनी लढवावा. नर्सने रुग्णाच्या बाजूने पाहावं. कर्नाटकातलं रेशनकार्ड असलेल्या बीपीएल कुटुंबाला आरोग्य कर्नाटकचा हक्क आहेच. तो सोडून दुसऱ्या योजनेची वाट पाहत कुणी ऑपरेशन लांबवू नये. आणि महाराष्ट्रातल्या योजनेतल्या इस्पितळात जायचं असेल, तर तिथल्या आरोग्यमित्राकडून कागद कोणते लागतील हे फोनवर पक्कं करून मगच निघावं.

अपघाताबद्दल एक नवीन गोष्ट. पुणे–बेंगळुरू महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे अपघात आपल्याला नवे नाहीत. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे: रस्त्यावरच्या मोटार अपघातातल्या जखमीला अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत नेमलेल्या दवाखान्यात रोख न भरता उपचार. गाडी कुणाची, जखमी कुठल्या राज्याचा, बीपीएल की एपीएल, काहीही पाहायचं नाही. कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक सिस्टरला हे माहीत हवं.

खासगी विमा असलेल्यांसाठी एवढंच: विमा नियामकाच्या २०२४ च्या आदेशाप्रमाणे कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. ‘इन्शुरन्सवाले उत्तर देईनात’ म्हणून रुग्णाला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं जातं तेव्हा नातेवाइकांना हा नियम सांगावा. ओरडा आपल्यावर होतो, उशीर दुसऱ्याचा असतो.

देखरेख कोण करतं

खासगी दवाखाना कर्नाटकात असेल तर त्याला कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, २००७ लागू. सगळे त्याला केपीएमई म्हणतात. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आणि त्याचे २०२१ चे नियम. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा या दोन्ही राज्यांनी स्वीकारलेला नाही. म्हणून इंटरनेटवर वाचलेला केंद्राचा नियम आपल्याकडे लागू आहे असं धरून चालू नये.

केपीएमईखाली जिल्ह्याचं नोंदणी आणि तक्रार निवारण प्राधिकरण असतं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य-सचिव जिल्हा आरोग्याधिकारी. नोंदणी पाच वर्षांची. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली हवी. २०१७ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी पक्क्या केल्या. आणीबाणीत आगाऊ रक्कम मागून जीव वाचवणारा उपचार अडवता येत नाही. रुग्ण दगावला तर बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. दोन्ही प्रसंगी नातेवाइकांसमोर उभी असते ती नर्सच, आणि ‘पैसे भरल्याशिवाय बॉडी देऊ नका’ हा निरोपही अनेकदा तिच्याच तोंडून द्यायला लावतात. असा निरोप देणं नाकारायला तुमच्या पाठीशी कायदा आहे.

सीमेवर देखरेख ढिली पडली की काय होतं हे आपण जवळून पाहिलं आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याजवळ पुरलेली १९ भ्रूणं सापडली. म्हैसाळ कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. तपासाचे धागे कागवाड आणि विजयपुरापर्यंत गेले. एका राज्यात तपासणी, दुसऱ्या राज्यात गर्भपात, म्हणजे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या नोंदीत अर्धीच गोष्ट. गर्भलिंगनिदान बंदीचा १९९४ चा कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे. गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ दोन्हीकडे भरायचा आहे. तरी मधल्या फटीत मुली गेल्या. सोनोग्राफीच्या खोलीत किंवा लेबर रूममध्ये काम करणाऱ्या सिस्टरने कागद न भरता काही होत असेल तर गप्प राहू नये. हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, नोकरी जायची भीती खरी आहे, हे मला माहीत आहे. म्हणून एकटीने न बोलता दोघी-तिघींनी मिळून जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांकडे लेखी जावं.

औषधांवरची देखरेख वॉर्डातून कशी दिसते, त्याचं एक उदाहरण. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी दवाखान्यात सिझेरियन झालेल्या बाळंतिणी लागोपाठ दगावल्या. संशय रिंगर लॅक्टेटच्या सलाइनवर आला आणि राज्याने त्या कंपनीच्या सलाइनचा वापर थांबवला. अशा वेळी तपास करणाऱ्यांना पहिलं काय लागतं? कुठल्या बाईला, किती वाजता, कुठल्या बॅचची बाटली लावली ते. ही माहिती जगात एकाच ठिकाणी असू शकते, ती बाटली टांगणाऱ्या नर्सच्या नोंदीत. बाटली लावताना तिच्या लेबलावरचा बॅच नंबर आणि संपायची तारीख चार्टवर उतरवायला अर्धा मिनिट लागतो. बाटली उजेडाकडे धरून तळाशी कण दिसतात का ते बघायला आणखी तेवढाच. थंडी वाजून आली, बीपी पडलं, तर सलाइन बंद करून बाटली आणि सेट टाकून न देता झाकून, नाव-वेळ लिहून बाजूला ठेवायचा. औषध प्रशासनाला नमुना तिथूनच मिळतो.

संमतीपत्राचंही बोलायला हवं. सरकारी फॉर्म कन्नडमध्ये असतात, खासगीत बहुधा इंग्रजीत. खानापूर तालुक्यातल्या साठीच्या आजीला दोन्ही वाचता येत नाही. ती अंगठा उठवते, कारण सगळे उठवतात. कायद्याच्या दृष्टीने संमती म्हणजे काय होणार, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितलेलं असणं. समजावण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे. पण कितीतरी वेळा डॉक्टर कन्नड किंवा इंग्रजीत बोलतात आणि मराठीत सांगायचं काम नर्सकडे येतं. तसं केलंत तर फॉर्मवर ‘मराठीत समजावून सांगितले’ असं लिहून वेळ टाका, आणि दुभाषी म्हणून सही करा. उलटही तेवढंच खरं: कोल्हापूर-मिरजेच्या वॉर्डात अथणीची कन्नड बोलणारी अक्का दाखल असते, तिच्याशी चार शब्द कन्नडमध्ये बोलणारी बेळगावची सिस्टर तिला देवासारखी वाटते. दोन भाषा येणं हे सीमाभागातल्या नर्सचं मोठं कौशल्य आहे, आणि पगारपत्रकात त्याला कुठेही रकाना नाही याचं मला वाईट वाटतं.

तुमची स्वतःची कागदपत्रं

बेळगावात शिकून कोल्हापुरात किंवा गोव्यात नोकरी करणाऱ्या मुली पुष्कळ. कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी महाराष्ट्रात आपोआप लागू होत नाही. इथल्या परिषदेचं ना-हरकत पत्र घेऊन तिथल्या परिषदेत नाव घालावं लागतं. ‘नंतर करू’ म्हणून अनेक जणी कामाला लागतात, दवाखानाही विचारत नाही, आणि काही वाईट घडलं की पहिला प्रश्न नोंदणीचा येतो. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा मंजूर झाला. राज्यांची नवी आयोगं उभी राहीपर्यंत काम राज्य परिषदांकडेच आहे. नूतनीकरणाची तारीख आणि शिक्षणतासांची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि तिच्या कलम १०६ मधला एक फरक नर्सेसनी समजून घ्यायला हवा. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून असं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. पण ही व्याख्या वैद्यकीय पदवी आणि वैद्यकीय रजिस्टरातल्या नावावर आधारलेली आहे. नर्सचं नाव त्यात येत नाही. म्हणजे त्याच खाटेशी उभ्या असलेल्या दोघांसाठी कायद्याची मर्यादा वेगळी. हे अन्यायाचं आहे आणि नर्सिंग संघटनांनी यावर आवाज उठवायला हवा. तोवर स्वतःला जपायचं. रात्री फोनवरून आलेली ऑर्डर औषधाचं नाव, मात्रा, मार्ग उच्चारून परत वाचून दाखवायची, वेळ आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, शक्य असेल तर दुसऱ्या सिस्टरला ऐकवायचं, आणि सकाळच्या राउंडला सही घ्यायची.

मारहाणीच्या बाबतीत मात्र कायदा तुमच्याही बाजूने स्पष्ट आहे. कर्नाटकाच्या २००९ च्या कायद्याने वैद्यकीय सेवेतल्या कर्मचाऱ्यांवरची हिंसा दखलपात्र आणि अजामीनपात्र केली; मूळ कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. त्यात नर्स स्पष्टपणे येते.

पगाराचा मुद्दा सर्वांत दुखरा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी दवाखान्यांसाठी शिफारशी केल्या: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, १०० ते २०० खाटांना त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान दवाखान्यातही २०,००० रुपयांच्या खाली नको. या शिफारशी आहेत, राज्याने नियम केल्याशिवाय त्यांची सक्ती होत नाही. तरी पगाराची बोलणी करताना हा कागद हातात असावा. खाटांची संख्या केपीएमईच्या प्रमाणपत्रावर लिहिलेली असते.

आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी दवाखान्यालाही ती लागू होते, २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, आणि बाळंतपणाला २६ आठवड्यांची रजा पूर्ण पगाराने. दिवसभर दुसऱ्यांची कार्डं चालवणाऱ्या कितीतरी सिस्टरना स्वतःचा ईएसआय नंबर माहीत नसतो; काहींच्या पगारातून पैसे कापले जातात आणि पुढे भरलेच जात नाहीत. या महिन्याच्या पगारपत्रकावर कपातीची ओळ बघा, नंबर मागून घ्या, आणि ईएसआयच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर गेल्या सहा महिन्यांची वर्गणी जमा झाली आहे की नाही ते तपासा.